बंदुकीवरील विक्रीकर कोणी गोळा करावा?

अमेरिकेंत इंटरनेटवरून बंदूक घेणाऱ्याच्या दारीं ती टपालानें येत नाहीं. १९६८ च्या कायद्यामुळें परराज्यांतील व्यापारी ती गिऱ्हाइकाच्या राज्यांतील परवानाधारक दुकानदाराकडे धाडतो. हा दुकानदार ओळखपत्र पाहतो, पूर्ववृत्ताची चौकशी करवितो आणि आपलें शुल्क घेऊन बंदूक स्वाधीन करतो.

मग विक्रीकर कोणी घ्यावा? माल हातीं देणारा खरा विक्रेता नव्हे, आणि विक्रेता तर परराज्यांत! १९९२ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें क्विल खटल्यांत ठरविलें कीं, ज्या राज्यांत विक्रेत्याचें दुकान वा नोकरमाणूस नाहीं, तेथील कर गोळा करण्याची सक्ति त्याच्यावर करतां येत नाहीं. कर माफ झाला असें मात्र नव्हे. 'वापरकर' या नांवानें तो गिऱ्हाइकानें आपण होऊन भरावयाचा होता. आपण होऊन कर भरणारे किती असतात, हें सांगावयास नकोच. ५०० डॉलरांच्या बंदुकीवर शेंकडा ८ दरानें ४० डॉलर होतात. गांवच्या दुकानदाराला ते लावावेच लागत. आणि तसलीच बंदूक बाहेरून मागवून त्याच्याच दुकानांतून नेणारा ते वांचवी!

जून २०१८ मध्यें वेफेअर खटल्यांत पांच विरुद्ध चार मतांनीं क्विलचा निर्णय रद्द झाला. साउथ डकोटाच्या त्या कायद्यांत वर्षाला १ लक्ष डॉलरांहून अधिक विक्री किंवा २०० व्यवहार अशी मर्यादा होती. तेव्हांपासून मोठे व्यापारी गिऱ्हाइकाच्या राज्याचा कर बिलांतच लावूं लागले. ओरेगॉन, मोंटाना येथें विक्रीकरच नाहीं, तो भाग वेगळा. विक्रेता लहान असला, तर मात्र वापरकर अद्याप गिऱ्हाइकाच्याच माथीं राहूं शकतो. म्हणून बंदूक उचलण्यापूर्वीं बिलांत कराची रक्कम आहे कीं नाहीं, तें पाहून घ्यावें.