चाळीस घोड्यांची गाडी

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नेवासे तालुक्यात, घोडेगाव हे गाव आहे. येथे कांद्याचा मोठा बाजार भरतो आणि शनिशिंगणापूरला जाणारी वाटही येथूनच फुटते. त्यामुळे या रस्त्यावर वाहनांची वर्दळ अहोरात्र चालू असते. गावाच्या नावात घोडा आहे. पण रस्त्याने जे घोडे धावतात ते डोळ्यांना दिसत नाहीत. ते मोटारीच्या बॉनेटखाली असतात आणि त्यांची मोजदाद ‘अश्वशक्ती’ या मापाने करतात.

पंचाहत्तर किलो ओझे एका सेकंदात एक मीटर उंच उचलावयाचे, तर जेवढी शक्ती लागेल तेवढी म्हणजे एक अश्वशक्ती होय. कांद्याची भरलेली दीड गोणी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हे माप ध्यानात येईल. आता, सन 1985 च्या सुमारास या रस्त्याने जाणाऱ्या दोन मोटारींचा विचार करू. एक ‘प्रीमियर पद्मिनी’. तिला लोक अखेरपर्यंत फियाटच म्हणत राहिले. दुसरी ‘मारुती 800’. दोघींचेही इंजिन सुमारे चाळीस अश्वशक्तीचे. परंतु पद्मिनीचे वजन नऊशे किलोंच्या जवळपास होते, तर मारुतीचे सुमारे साडेसहाशे. म्हणजे पद्मिनीच्या प्रत्येक घोड्यामागे बावीस किलोंहून अधिक भार, तर मारुतीच्या प्रत्येक घोड्यामागे जेमतेम सोळा किलो. घोडे तेवढेच आणि ओझे कमी. मग चारा, म्हणजे पेट्रोल, कमी लागावे यात नवल ते काय?

हा फरक कोठून आला, हे पाहण्यासाठी आपल्याला थोडे दूर जावे लागेल.

पद्मिनीचे माहेर इटली. तेथील फियाट कंपनीने 1953 मध्ये ‘1100’ या जातीची एक नवी मोटार बाजारात आणली. दान्ते जाकोसा नावाच्या कुशल अभियंत्याच्या देखरेखीखाली तिची आखणी झाली होती. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीने मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात या मोटारी बनविण्यास आरंभ केला. पुढे 1974 पासून तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. या गाडीत इंजिन पुढे असे, आणि तेही गाडीच्या लांबीला धरून बसविलेले. चालना मात्र मागील चाकांना द्यावयाची. त्यासाठी गाडीच्या पोटाखालून एक लांब पोलादी दांडा मागे नेलेला असे. गाडीच्या तळाला मध्यभागी जो उंचवटा असतो, तो या दांड्यासाठीच. हा दांडा, मागचा जाड आस आणि त्यांचा सगळा पसारा, यांमुळे गाडी दणकट होई. पण जडही होई.

पेट्रोल स्वस्त होते तोवर या जडपणाचे कोणाला काही वाटले नाही. परंतु ऑक्टोबर 1973 मध्ये अरब-इस्राएल युद्ध पेटले. तेल पुरविणाऱ्या अरब देशांनी पुरवठा आखडला आणि सुमारे तीन डॉलरला मिळणारे पिंप काही महिन्यांतच बारा डॉलरच्या घरात गेले. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली आणि तेल पुन्हा भडकले. जपानपाशी स्वतःचे तेल नाही म्हटले तरी चालेल. त्यामुळे लहान, हलकी व काटकसरी मोटार बनविणे हा त्या देशाला छंद नव्हता, ती गरज होती. होंडा कंपनीची ‘सिव्हिक’ ही छोटी गाडी 1972 मध्येच निघाली होती. तिच्यासाठी होंडाने पुढे असे इंजिन तयार केले की, ज्यात एका चिमुकल्या कप्प्यात पेट्रोलचे दाट मिश्रण आधी पेटे आणि त्या ज्वालेने मुख्य कप्प्यातील विरळ मिश्रण पेटविले जाई. इंधन पुरते जळे व धूर कमी होई. अमेरिकेतील कडक धूरनियमांना ते उतरले, तेव्हा तेथील बलाढ्य कारखानदारही चकित झाले.

मात्र जपान्यांनी सारे स्वतःच शोधून काढले, असे समजणे बरोबर नाही. निसान कंपनीने 1952 मध्ये इंग्लंडच्या ऑस्टिन कंपनीशी करार केला व तिच्या मोटारी जुळविता जुळविता ती विद्या आत्मसात केली. इंजिन गाडीच्या रुंदीला धरून आडवे बसवावे व पुढचीच चाके फिरवावीत, म्हणजे लांब दांडा नको आणि जागाही वाचते, ही युक्तीदेखील युरोपात रुजली. इंग्लंडमधील 1959 च्या ‘मिनी’ने ती लोकप्रिय केली. तीत गिअरपेटी इंजिनाच्या खाली दडविलेली होती. ती इंजिनाच्या शेजारी, एका टोकास बसवावी, ही अधिक सोयीची रचना 1964 मध्ये इटलीत आकारास आली. ती कोणाची असेल? त्याच जाकोसाची! फियाटने ती 1969 मध्ये आपल्या ‘128’ या गाडीत वापरली, जर्मनीच्या ‘गोल्फ’ने 1974 मध्ये अशीच रचना पत्करली आणि सुझुकीच्या ज्या छोट्या गाडीवरून आपली मारुती बेतली, तिच्यातही तीच होती. डिसेंबर 1983 मध्ये पहिली मारुती रस्त्यावर आली आणि पद्मिनीचे दिवस भरत चालले. पण मला तर यात मौज वाटते ती अशी की, ज्याने पद्मिनीच्या पूर्वजेला जन्म दिला, त्याच्याच एका कल्पनेने तिला मागे टाकले.

कुर्ल्याचा कारखानाही स्वस्थ बसला नाही. फियाटच्या ‘124’ या 1966 सालच्या गाडीचा सांगाडा घेऊन त्याने 1985 च्या सुमारास ‘118 एनई’ ही मोटार काढली. तिच्यात निसानचे 1171 घनसेंटिमीटरचे इंजिन बसविले होते. ‘एनई’ ही अक्षरे ‘निसान इंजिन’ या शब्दांचीच. देह युरोपचा, हृदय जपानचे आणि जुळणी मुंबईची! तरीही गाडीची मूळ आखणी जुनीच राहिली. चालना मागील चाकांनाच होती. मारुतीपुढे तिचा निभाव लागला नाही.

मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना मात्र पद्मिनी प्रिय होती. एक-दोन पाने, एक पेचकस आणि तीक्ष्ण कान एवढ्या भांडवलावर हमरस्त्याकाठचा मिस्त्री तिला चालती करी. कार्बुरेटरच्या बारीक छिद्रात कचरा अडकला, तर तो तोंडाने फुंकून काढावा. ठिणगी नीट पडत नसेल, तर पॉइंट पॉलिश-कागदाने घासावेत, की गाडी निघाली. ही विद्या मारुतीने बुडविली, असे काही जण म्हणतात. ते खरे नव्हे. आरंभीच्या मारुतीतही कार्बुरेटरच होता. तो गेला तो पुढे, इंधन मोजून फवारणारी संगणकीय यंत्रणा आली तेव्हा. त्या यंत्रणेचा दोष कानाला ऐकू येत नाही. तो शोधावयास दुसरे यंत्र जोडावे लागते, आणि ते विकत घेणे प्रत्येक मिस्त्रीला साधत नाही. काटकसरीच्या या वाटचालीत पेट्रोल वाचले खरे, पण कानांची ती विद्या मागे पडली. याचा हिशेब अश्वशक्तीत मांडता येत नाही.

मारुती 800 चे उत्पादन 2014 मध्ये थांबले. मुंबईत वीस वर्षांहून जुनी टॅक्सी चालविता येत नाही. अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदविली गेली होती. म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून त्या काळ्या-पिवळ्या गाड्या शहरातून दिसेनाशा झाल्या. तरी एखाद्या वाड्याच्या पडवीत किंवा गॅरेजच्या मागील आवारात यांपैकी एखादी जुनी गाडी अजूनही उभी असते. तशी दिसली, तर मालकाची परवानगी घेऊन बॉनेट उघडावयास सांगा. इंजिन गाडीच्या लांबीला धरून बसविले आहे की रुंदीला, ते पाहा. मग खाली वाकून तो लांब दांडा सापडतो का, तेही पाहा.