एक वायर, चार कॉम्प्युटर

बदलापूर-अंबरनाथच्या सोसायट्यांत ब्रॉडबँडची बारीक काळी वायर जिन्याच्या डक्टमधून वर येते आणि घरात शिरते, ती एकच. तिच्यावर आईची मीटिंग, मुलाचा अभ्यास आणि आजोबांची मालिका एकाच वेळी चालते. मग आजोबांची मालिका आईच्या लॅपटॉपवर का उमटत नाही?

इंटरनेटवर बाहेरच्या जगाला घराचा पत्ता एकच दिसतो. आत राउटर प्रत्येक यंत्राला खासगी पत्ता देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. तोच पत्ता उल्हासनगरच्या एखाद्या घरातही सापडेल, जसा ३०२ नंबरचा फ्लॅट कितीतरी बिल्डिंगांत असतो.

खरी कमाल पुढे आहे. लॅपटॉपने एखादं पान मागितलं की राउटर त्या मागणीवरचा खासगी पत्ता काढून घराचा पत्ता घालतो, सोबत एक क्रमांक जोडतो आणि तो कुणासाठी, हे आपल्या तक्त्यात टिपून ठेवतो. उत्तर त्याच क्रमांकावर येतं. तक्ता पाहून राउटर ते नेमकं लॅपटॉपकडे धाडतो. ही नोंद थोडा वेळच टिकते, काम संपलं की पुसली जाते.

१९८१ साली ठरलेल्या पत्तापद्धतीत जेमतेम ४२९ कोटी पत्ते मावतात. ते पुरणार नाहीत हे दिसू लागलं, तेव्हा १९९४ मध्ये ही युक्ती मांडली गेली. आज अनेक ब्रॉडबँडवाले कित्येक घरांना मिळून एकच पत्ता देतात, तोही याच युक्तीने.

वेग मात्र सगळ्यांत वाटला जातो. मीटिंग चालू असताना मोठी फाइल उतरवायला लावू नका, रात्री लावा.