काटे सारखे, कुळे वेगळी

रविवारी सकाळी गच्चीवरच्या कुंड्यांची साफसफाई निघते. 'पेन्सिल कॅक्टस' म्हणून रोपवाटिकेतून आणलेले झाड फार वाढलेले असते, म्हणून त्याच्या दोन-तीन फांद्या छाटल्या जातात. पांढरा चीक बोटांना लागतो आणि ऊन चढल्यावर त्याच हाताने घाम पुसला जातो. डोळा चुरचुरतो. पाण्याचे दोन हबके मारून माणूस पुन्हा कामाला लागतो. रात्रीपर्यंत डोळा लालभडक होतो, पापण्या सुजतात, उजेड सोसवत नाही. दवाखान्यात विचारणा होते, 'कोणत्या झाडाचा चीक गेला?' उत्तर मिळते, 'कॅक्टसचा.' खरे तर ते झाड कॅक्टस नसतेच. गावाकडे कुंपणाला लावतात तो शेर कुंडीत आलेला असतो.

कॅक्टस आणि सक्युलंट जमवण्याचा छंद शहरांत चांगलाच रुजला आहे. जागा थोडी लागते, पाणी कमी लागते, चार दिवस गावाला गेले तरी झाडे तगून राहतात. मात्र या छंदात नावांचा गोंधळ फार आहे आणि तो कधी कधी डोळ्यांवर बेततो.

सक्युलंट म्हणजे पानांत, खोडात किंवा मुळांत पाणी साठवणारी मांसल वनस्पती. हे झाडाच्या ठेवणीचे वर्णन आहे, कुळाचे नाव नव्हे. देवमासा पाण्यात राहतो म्हणून मासा ठरत नाही, तसेच हे. कोरफड, पानफुटी, अडेनियम, शेर ही सगळी सक्युलंट आहेत, पण प्रत्येकाचे कुळ वेगळे. कॅक्टस हे मात्र एकच कुळ आहे आणि त्याचे माहेर अमेरिका खंडात. एखाददुसरी जात सोडली तर मूळचा कॅक्टस इतरत्र कुठेही आढळत नाही. आपल्याकडचा थोर किंवा तीनधारी निवडुंग हा युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातला. फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस, पण तो बाहेरून आलेला. मराठीत दोघांनाही निवडुंगच म्हणतात. कोरड्या हवेत तगण्यासाठी दोन वेगळ्या कुळांनी जाड खोड आणि काटे हाच मार्ग धरला, त्यामुळे ती सख्खी भावंडे वाटतात.

ओळख चुकली की काय होते, याचा एक जुना दाखला भारतातलाच आहे. फड्या निवडुंगावर पोसल्या जाणाऱ्या कोचिनील किड्यांपासून मौल्यवान लाल रंग मिळतो. त्यासाठी 1795 मध्ये ब्राझीलहून हे किडे भारतात आणले गेले. पण ते हव्या त्या जातीचे नव्हते. चांगला रंग मिळालाच नाही, उलट किड्यांनी निवडुंगाचाच फडशा पाडला. पुढे दक्षिणेत माजलेला निवडुंग आवरण्यासाठी हेच किडे मुद्दाम सोडण्यात आले. त्या वेळची चूक अशी उपयोगी पडली. डोळ्यात गेलेल्या चिकाच्या बाबतीत तसे होत नाही.

घरच्या घरी ओळख कशी पटवायची? काटा कुठून निघतो ते भिंगातून पाहावे. कॅक्टसचे काटे लहानशा, लवदार उशीसारख्या ठिपक्यातून झुबक्याने निघतात. ही उशी फक्त कॅक्टसच्या कुळात असते. युफोर्बियाला ती नसते; त्याचे काटे बहुधा खोडाच्या धारेवर जोडीने येतात. दुसरी खूण चिकाची. युफोर्बियाला जरा खरचटले तरी दुधासारखा चीक येतो, बहुतेक कॅक्टसमधून पाणीदार रस येतो. मॅमिलेरियासारख्या काही कॅक्टसमध्येही पांढरा चीक असतो, म्हणून आधी उशी पाहावी. आणि नाव कळो वा न कळो, पांढरा चीक दिसला की तो त्रासदायक आहे असेच धरून चालावे.

रोपे वाढवतानाही कुळ माहीत असलेले बरे. पानफुटीचे पान ओल्या मातीवर टाकले तरी कडेला रोपे फुटतात. कॅक्टसचा छाटा मात्र लगेच लावला तर कुजतो. तो सावलीत आठवडाभर ठेवून जखम सुकू द्यावी, मग भरड वाळू, विटांचे तुकडे आणि थोडे खत अशा निचऱ्याच्या मिश्रणात लावावा. बाजारात हिरव्या खुंटावर लाल-पिवळा गोळा बसवलेला कॅक्टस मिळतो. त्या गोळ्यात हरितद्रव्य नसल्याने तो स्वतःचे अन्न बनवू शकत नाही. त्याचे कलम ड्रॅगनफ्रूटच्या जातीच्या खुंटावर बांधतात. दोन्ही कॅक्टसच, म्हणून ते जमते. युफोर्बियाच्या खुंटावर हा गोळा टिकत नाही.

युफोर्बियाची छाटणी करताना चष्मा आणि हातमोजे घालावेत, मुलांना दूर ठेवावे. त्वचेवर पडलेला चीक नुसत्या पाण्याने नीट निघत नाही, साबण लावून धुवावा. डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या धरून वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान 15 मिनिटे डोळा धुवावा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढावी. दूध, तूप, गुलाबपाणी किंवा घरात उरलेले थेंब घालू नयेत. त्रास सुरुवातीला किरकोळ वाटून पुढच्या काही तासांत वाढू शकतो, बुबुळाला इजा होऊ शकते. त्यामुळे त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. वेळेत उपचार मिळाल्यास बहुतेकांचा डोळा पूर्ववत होतो. उशीर झाल्यास नजर कायमची अधू होण्याचा धोका असतो.

खऱ्या कॅक्टसचा त्रास वेगळा. फड्या निवडुंगाच्या मोठ्या काट्यांपेक्षा त्यांच्या बुडाशी असलेले केसासारखे बारीक काटे अधिक छळतात. ते उलट्या दातऱ्यांमुळे कातडीत अडकतात. ती जागा चोळू नये. भिंग आणि चिमट्याने ते एकेक काढावेत. काटा खोल रुतला असेल तर धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. जखमेच्या जागी काही आठवड्यांनी गाठ आली आणि तशाच गाठी हातावर वर सरकू लागल्या, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. मधुमेह असणाऱ्यांनी लहान जखमही अंगावर काढू नये.

ही झाडे तोंडात घालण्याबाबतही सावध राहावे. अडेनियम कण्हेरीच्या कुळातले. त्याचा रस आफ्रिकेत बाणांना लावण्याच्या विषासाठी वापरला जाई. पानफुटीच्या प्रजातीतल्या वनस्पतींत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्ये असतात. त्या खाऊन गुरे दगावल्याच्या नोंदी आहेत. मुतखड्यासाठी ही पाने चावून खाणाऱ्यांनी, विशेषतः हृदयाची औषधे घेणाऱ्यांनी, आधी डॉक्टरांशी बोलावे. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक तीव्र रेचक असतो.

म्हणून प्रत्येक कुंडीत एक चिठ्ठी खोचावी. तिच्यावर झाडाचे शास्त्रीय नाव आणि ते लावल्याची तारीख लिहावी. नाव ठाऊक नसेल तर निदान 'पांढरा चीक' एवढे तरी लिहून ठेवावे. इजा झालीच तर आधी धुवावे आणि दवाखान्यात जाताना त्या झाडाचा फोटो किंवा पिशवीत बांधलेला तुकडा सोबत न्यावा. 'कॅक्टस' या एका शब्दापेक्षा त्यावरून डॉक्टरांना कितीतरी अधिक कळते.