भेंडीची गुलाबी मावसबहीण

भेंडीचं फूल कधी नीट न्याहाळलंय? फिकट पिवळ्या पाकळ्या, आत गळ्याशी गडद मरून ठिपका, मधोमध पुंकेसरांची दांडी. भाजीच्या झाडाला लागतं म्हणून आपण त्याच्याकडे बघतही नाही. आता हेच फूल गुलाबी करा, पाकळ्यांवर गडद शिरांची नक्षी काढा आणि झाडावर एकावेळी अशी डझनभर फुलं लावा. झाली लॅव्हाटेरा! बियांच्या पाकिटावर ‘अ‍ॅन्युअल मॅलो’ असंही छापलेलं असतं. माहेर भूमध्य समुद्राकाठी, नाव मिळालं झुरिकच्या लावाटर घराण्यातल्या निसर्गअभ्यासकांवरून. गुलाबी हवी तर ‘सिल्व्हर कप’, शुभ्र हवी तर ‘माँ ब्लाँ’ ही वाणं मागा.

गोतावळा तर विचारूच नका. भेंडी, कापूस, अंबाडी, जास्वंद, काटेसावर, गोरखचिंच, बांधावर आपोआप उगवणारी पेटारी आणि चिकणा, शिवाय चॉकलेट देणारं कोकोचं झाड, हे सगळे एकाच माल्व्हेसी कुळातले. भेंडी चिरताना हाताला जो चिकटपणा लागतो, तो या कुळात घरोघरी सापडतो.

त्याच चिकटपणातून एक मिठाई जन्मली. मार्शमेलो! युरोपात दलदलीच्या काठी वाढणाऱ्या एका मॅलोच्या मुळांतला बुळबुळीत रस घशाच्या खवखवीवर औषध म्हणून देत. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच हलवायांनी तोच रस साखर आणि अंड्याच्या पांढऱ्यात फेटून मऊ गोळ्या केल्या. आजच्या मार्शमेलोत मूळ नाही, रसही नाही. बहुतेकांत असतं ते प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन, तेव्हा शाकाहारी घरात मुलांसाठी पाकीट घेताना मागचा मजकूर वाचाच.

जेवणाच्या ताटातही मॅलो जुनी आहे. रोमन कवी होरेसने ऑलिव्ह आणि चिकोरीच्या जोडीला तिला आपल्या साध्या जेवणात स्थान दिलं. 1948 साली जेरुसलेमला वेढा पडला, तेव्हा लोकांनी माळावरची रानमॅलो खुडून आणली आणि तिच्या पाल्यावर दिवस काढले. आपण अंबाडीला लसणाची फोडणी देतो, त्यांनी तिच्या चुलत बहिणीला शिजवलं.

आणि रंग? 1856 साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन घरच्या प्रयोगशाळेत हिवतापावरचं क्विनाइन बनवायला बसला. क्विनाइन काही जमलं नाही, पण भांड्यात उरलेल्या काळ्या गाळातून झकास जांभळा रंग निघाला. बाजारात गाजलेला तो पहिला कृत्रिम सेंद्रिय रंग ‘मोव्ह’, म्हणजे फ्रेंचांची मॅलो. 1858 साली थोरल्या लेकीच्या लग्नात व्हिक्टोरिया राणी याच रंगाच्या पोशाखात मिरवली.

मला सगळ्यात भावते ती मात्र क्रीटच्या लॅव्हाटेराची करामत. या रोपाची पानं दिवसभर सूर्यामागे वळत राहतात. सूर्यफुलाची रोपंही असं करतात म्हणा. शिवाय ही पानं मावळतीनंतर रात्रीतच तोंड फिरवून, सूर्य उगवायच्या आधी पूर्वेकडे बघत तयार असतात. रोप अंधाऱ्या खोलीत ठेवलं तरी पुढचे काही दिवस हा दिनक्रम चालू राहतो. डोळे नाहीत, मेंदू नाही, तरी सूर्य कुठून येणार हे ठाऊक!

आता आपली गुलाबी-पांढरी लॅव्हाटेरा लावायची कशी? युरोपात ही उन्हाळी फुलझाडं, आपल्याकडे हिवाळी. दसरा-दिवाळीच्या सुमारास, पाऊस पूर्ण ओसरला की पेरायचं. पुणे, नाशिक, नागपूरकडच्या कोरड्या थंडीत रोपं खूष असतात, किनाऱ्यावरच्या दमट हवेत थोडी रुसतात. बी दोन आठवड्यांत उगवतं. रोपात रोप घुसू देऊ नका, हात-दीड हात अंतर ठेवा. कुंडी असेल तर बारा इंची घ्या आणि तिच्यात एकच रोप वाढवा. ऊन मात्र भरपूर हवं.

खताच्या बाबतीत हात आखडता घ्या, हे मी आग्रहाने सांगेन. शेणखत, गांडूळखत मायेने ओतलं की पानं माजतात आणि फुलं मागे पडतात. बेताच्या, पाणी न साचणाऱ्या मातीत ही झाडं जास्त बहरतात.

फुलं यायला लागली की एकदा सकाळी लवकर उठून कळीजवळ जा. पाकळ्या मिटलेल्या छत्रीसारख्या एकमेकींवर पिळलेल्या असतात आणि उमलताना तो पीळ सुटत जातो. दांडीवरचे परागकोश आधी फुटतात, स्त्रीकेसराची टोकं त्यांच्यातून नंतर वर येतात. परागकण मोठे आणि काटेरी असल्यामुळे फुलातून बाहेर पडणारी मधमाशी पिठात लोळल्यासारखी दिसते. एकेक फूल फार टिकत नाही, पण मागे कळ्यांची रांग लागलेली असते.

दोन शत्रू ओळखून ठेवा. पानाखाली नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या दिसल्या तर तो तांबेरा. तशी पानं काढून टाका आणि पाणी बुंध्याशीच घाला. दुसरा कपाशीवरचा लाल ढेकण्या, तो थेट बियांतला रस शोषतो. म्हणून बी धरायचं असेल तर चकतीसारखी गोल फळं तपकिरी होताच खुडून कागदी पुडीत ठेवा.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: हिचं सोटमूळ खोल जातं आणि ते दुखावलेलं तिला खपत नाही. रोपवाटिकेतून मोठं रोप आणण्यापेक्षा बी आणा आणि जिथे फूल हवंय तिथेच पेरा.