खारभूमीतील भातशेती आणि बदलते हवामान

गाढी नदी नवीन पनवेलजवळून वाहत जाऊन पनवेलच्या खाडीस मिळते. या खाडीच्या काठी खारभूमीत भात पिकविणाऱ्या शेतकऱ्यास दोन पाण्यांचा हिशेब ठेवावा लागतो : आकाशातून पडणारे गोडे पाणी आणि भरतीबरोबर चढणारे खारे पाणी. बाहेरकाठ्याच्या बांधाने खारे पाणी अडवावयाचे आणि ओहोटी लागली की शेतातील जादा पाणी उघाडीवाटे खाडीत सोडावयाचे, या युक्तीवर ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली आहे. आता ही दोन्ही पाणी आपली जुनी मर्यादा सोडू लागली आहेत. त्याचे कारण समजून घेणे अवश्य आहे.

कोळसा, पेट्रोल व डिझेल जाळल्याने आणि जंगले तोडल्याने हवेत कर्बाम्ल वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, साठत जातो. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. आज ४२० भागांच्या वर गेला आहे. सूर्याचा प्रकाश हा वायू खाली येऊ देतो, परंतु तापलेल्या जमिनीतून परत जाणारी उष्णता धरून ठेवतो. घोंगडी पांघरल्यावर अंगाची ऊब आतच राहते, तसाच हा प्रकार होय. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. आकडा लहान दिसतो. परंतु पृथ्वीवर अडलेल्या जादा उष्णतेपैकी नऊ-दशांशाहून अधिक भाग समुद्राने पोटात घेतला आहे, हे ध्यानात ठेवावे.

तापलेले पाणी फुगते. त्यात वितळलेल्या बर्फाच्या पाण्याची भर पडते. १९९३ ते २०१७ या काळात उत्तर हिंदी महासागराची पातळी दरसाल सुमारे ३.३ मिलिमीटरने वाढली. म्हणजे पंचवीस वर्षांत जवळजवळ चार बोटे. चार बोटांनी काय बिघडते, असे कोणी विचारील. उघाडीची झडप खाडीचे पाणी शेतातील पाण्याच्या खाली गेल्यावरच उघडते. खाडीची पातळी चढली की झडप उशिरा उघडते आणि लवकर मिटते. पाण्याचा निचरा होण्यास मिळणारा वेळ दर ओहोटीस थोडा थोडा कमी होतो. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर शेत तुडुंब भरून राहते, आणि लाटांचा मारा बांधाच्या माथ्यापर्यंत पोहोचतो. बांधाला खांड पडली आणि ती वेळीच बुजविली नाही, तर आत तिवरे वाढतात. ती तोडण्यास कायद्याने मनाई असल्याने ती जमीन पुन्हा लागवडीस आणणे फार कठीण होऊन बसते. शेतकऱ्याचे खरे नुकसान येथे आहे.

पावसाचीही रीत बदलली आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, आणि त्यांना लागणारे बाष्प मुख्यतः अरबी समुद्राने पुरविले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. याउलट पावसात मोठा खंड पडला तर जमिनीखालचे क्षार वर चढतात, मातीवर पांढरी खपली दिसते आणि रोपांचे शेंडे करपतात.

मात्र सर्व दोष हवामानावर टाकणे योग्य नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढे पाणी कोठेही तुंबले असते. तरीही भराव घालून अरुंद केलेले नाले आणि बुजविलेल्या पाणथळ जागा यांनी असा पूर अधिक वाढतो. खेकड्यांनी पोखरलेला बांध तर साध्या उधाणातही फुटतो. तो दोष आपला आहे.

म्हणून पावसाळ्यापूर्वी बांधाची बिळे चिकणमातीने ठोकून बुजवावीत, माथा खचला असल्यास उंच करावा आणि झडपा तपासाव्यात. बांध शासकीय योजनेतील असल्यास खारभूमी विकास कार्यालयास लेखी कळवावे. बांधाबाहेरील तिवरे लाटांचा जोर मोडतात. त्यांस हात लावू नये. बियाणे पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राच्या पनवेल-१, पनवेल-२ किंवा पनवेल-३ या क्षार सहन करणाऱ्या जातींचे घ्यावे. साचलेल्या पाण्यातील भातशेतीतून मिथेन हा उष्णता धरणारा वायू निघतो, यास्तव शेत अधूनमधून कोरडे करावे असा सल्ला इतरत्र दिला जातो. खारभूमीत तो जसाच्या तसा लागू करू नये. येथे उभे गोडे पाणीच क्षारांना खाली दाबून ठेवते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी उघाडीच्या खांबावर रंगाने मापाच्या खुणा कराव्यात आणि प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी कोठवर चढले, ते तारखेसह वहीत टिपून ठेवावे. बांध किती उंच करावा हे ठरविताना ही वही उपयोगी पडेल.