अंगठी नष्ट झाल्यानंतर

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या अद्भुतकथेच्या दुसऱ्या ग्रंथाच्या अखेरीस तिचा नायक फ्रोडो शत्रूच्या कैदेत सापडतो. आणि १९५४ च्या नोव्हेंबरात ते पान मिटलेल्या वाचकांना, परिशिष्टांचे काम रेंगाळल्यामुळे, तिसऱ्या ग्रंथासाठी २० ऑक्टोबर १९५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अकरा महिने, तिष्ठत राहावे लागले. 'द रिटर्न ऑफ द किंग' हे त्याचे नाव. तो संथ आहे, लांबलेला आहे, ही तक्रार नेहमीची. मला तिन्हींत तोच अधिक प्रिय आहे, आणि तोही या संथपणामुळेच.

जगाला गुलाम करण्याचे सामर्थ्य जिच्यात कोंडलेले आहे ती अंगठी, जेथे घडली त्याच ज्वालामुखीत टाकून द्यायची, एवढेच वस्तुतः कथानक. आणि ही कामगिरी ज्यांच्या गळ्यात पडते ते हॉबिट म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीचे, टेकडीच्या पोटात घरे करून राहणारे, खाण्यापिण्याचे शौकीन लोक. ओझे हलके करावयाचे म्हणून फ्रोडोचा सोबती, मूळचा माळी असलेला सॅम, एवढ्या मुलखातून जिवापाड जपत आणलेली आपली स्वयंपाकाची भांडी एका खोल भेगेत भिरकावतो, आणि ती आदळत खाली गेल्याचा खणखणाट त्याच्या काळजाला घरे पाडतो. लढायांची वर्णने मी बव्हंशी विसरलो. तो आवाज विसरलो नाही.

अंगठी सहाव्या स्कंधाच्या तिसऱ्या प्रकरणातच नष्ट होते, आणि त्यापुढे आणखी सहा प्रकरणे आहेत (परिशिष्टे वेगळीच!). राज्याभिषेक, निरोप, परतीचा पल्ला हे सारे आटोपून मंडळी आपल्या शायर प्रांतात येतात तो काय, पुलावर फाटक, भिंतीवर नियमांच्या याद्या, धान्याची जप्ती, झाडांची कत्तल. पराभूत जादूगार सरुमानचा अंमल तेथे बसलेला, आणि ज्यांनी जग वाचवले त्यांनाच स्वतःच्या मुलखात परवानगीवाचून मज्जाव! पीटर जॅक्सन यांनी २००३ च्या चित्रपटात हे प्रकरण गाळले. परंतु १९१६ साली सोमच्या रणभूमीवर खंदकांतून वावरून, तेथलाच ज्वर अंगात घेऊन जो लेखक मायदेशी परतला होता, त्याला घरी परतणे हा चार ओळींत उरकण्याचा विषय वाटला नसावा.

तो बंदोबस्त मोडून काढल्यावर, एल्फांच्या देशीची स्वामिनी गॅलाड्रिएल हिने दिलेल्या डबीतली माती, प्रत्येक रोपाच्या मुळाशी एकेक कण अशी पुरवून घालीत, सॅम प्रांतभर हिंडतो. अशाच एका फेरीवर तो असताना, १३ मार्चला, वर्षापूर्वी त्याच तारखेस अजस्र कोळिणीने ज्याला दंश केला होता तो फ्रोडो, गळ्यातले पांढरे रत्न मुठीत घट्ट धरून, अर्धवट शुद्धीत अंथरुणावर पडलेला घरच्या शेतकऱ्याला आढळतो. सॅम परततो २५ तारखेला. अंगठी नष्ट झाल्याला त्या दिवशी बरोबर वर्ष झालेले असते. तोवर फ्रोडो सावरलेला असतो, आणि स्वतःविषयी तो सॅमला काहीच सांगत नाही.