सीटखालचं इंजिन

मारुती व्हॅनचे प्लग बदलायचे म्हणजे आधी पुढच्या माणसाला खाली उतरवावं लागतं, कारण तो इंजिनावरच बसलेला असतो. या गाडीला बॉनेट उघडून काम करावं असं नाकच नाही. सीट उचलायची, दारात गुडघा टेकायचा, कमरेत वाकायचं आणि अंधारात हात घालायचा. डोळ्यांना दिसतं तिथे हात पोचत नाही, आणि हाताला लागतं ते डोळ्यांना दिसत नाही. दुसरा माणूस बॅटरी धरून उभा असला तर त्याचंच डोकं उजेडाच्या आड येतं.

मारुती 800 च्या पाठोपाठ 1984 मध्ये ही व्हॅन बाजारात आली. 1988 मध्ये तिचं नाव ‘ओम्नी’ झालं, तरी आपल्याकडे ती शेवटपर्यंत ‘मारुती व्हॅन’च राहिली. इंजिन 800 चंच, 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. तिथे ते बॉनेटखाली आडवं बसलेलं, इथे पुढच्या सीटखाली उभं, आणि ताकद मागच्या चाकांना. नाक कापून टाकल्यामुळे जेमतेम 3370 मिलिमीटर लांबीत शाळेची पोरं, भाजीच्या पाट्या, केटरिंगचे टोप, अँब्युलन्सचं स्ट्रेचर असं सगळं मावलं. हिंदी सिनेमातल्या अपहरणकर्त्यांनाही तिचं सरकतं दार फार सोयीचं पडलं. 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मात्र मागे ऐसपैस मिळालेली ही जागा पान्याच्या वाट्याची होती, हे प्लग काढायला बसलं की कळतं.

तसा प्लग म्हणजे बोटाएवढी वस्तू. पांढरा चिनी मातीसारखा दिसणारा, पण खरं तर ॲल्युमिनाचा दांडा, त्याच्या पोटातून गेलेली धातूची काडी, खाली आटे आणि टोकाला वाकवलेली एक पट्टी. काडी आणि पट्टी यांच्यात मिलिमीटरभराहूनही कमी फट. बॅटरीचे 12 व्होल्ट कॉइलमध्ये वाढून वीस हजारांच्या घरात जातात, तेव्हा कुठे दाबलेल्या पेट्रोल-हवेतून ठिणगी ही फट ओलांडते. 1860 मध्ये फ्रान्समध्ये लन्वारच्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी होती. मोटारीला पेलेल अशी प्लग आणि उच्च व्होल्टेज मॅग्नेटोची जोडी 1902 मध्ये बॉशकडच्या गोटलोब होनोल्डने जमवली. आपल्याकडे जुन्या मेकॅनिकच्या तोंडी प्लग म्हणजे ‘मायको’चा. बॉशच्याच सहकार्याने ती कंपनी 1951 मध्ये बंगळूरला सुरू झाली.

प्लगच्या कष्टांचा हिशेब सोपा आहे. इंजिन मिनिटाला 2000 फेरे मारत असेल, तर फोर-स्ट्रोकमध्ये प्रत्येक प्लगला मिनिटाला 1000 ठिणग्या पाडाव्या लागतात. तासाला साठ हजार झाल्या. हजार तास गाडी चालली की सहा कोटी. प्रत्येक ठिणगी काडीचा कणभर धातू खाते, फट रुंदावते, आणि एक दिवस चढावर गाडी ‘मिसिंग’ मारायला लागते.

मग रविवारची सकाळ. गाडी रात्रभर उभी असलेली बरी, कारण इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि गरम हेडमधून प्लग ओढून काढला तर आटेच बाहेर येण्याची भीती. आधी सायकलच्या पंपाने प्लगच्या मुळाशी साचलेली धूळ उडवायची, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. तार ओढायची नाही. रबरी टोपी धरून, किंचित पिळून काढायची. आणि एका वेळी एकच. पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा मी हुशारीने तिन्ही तारा एकदम काढल्या. परत बसवताना दोन तारांची अदलाबदल झाली. मग किल्ली फिरवली की इंजिन खोकायचं, सायलेन्सरमधून फटाका वाजायचा आणि शेजारचे काका गॅलरीत यायचे. प्लग मात्र उत्तम होते.

जुना प्लग बाहेर आला की तो लगेच फेकू नये, त्याचं टोक पाहावं. फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर आत सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर तरी पाहा. ओलसर, तेलकट काळं म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजल्याची खूण. तिथे नवा प्लग चार दिवसांचा पाहुणा. पांढरं, फोड आलेलं टोक म्हणजे इंजिन आतून तापतंय. प्लगचं टोक साधारण 500 अंशांच्या वर तापलं की स्वतःवरची काजळी स्वतःच जाळून टाकतं, आणि 850 च्या पुढे गेलं तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवतं. कुठला प्लग घ्यायचा हे म्हणूनच गाडीच्या पुस्तकात पाहायचं, दुकानदाराच्या डब्यात नाही.

खरी परीक्षा नवा प्लग बसवताना. अडचणीच्या जागी पाना लावून सुरुवात केली की प्लग तिरका बसतोय हे हाताला कळतच नाही. पान्याचा जोर मोठा, तो तिरका प्लगही आत रेटतो आणि हेडचे आटे घेऊन जातो. त्यावर जुन्या हातांची एक युक्ती आहे. पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर घट्ट बसवायचा आणि पाइप बोटांनी फिरवायचा. प्लग सरळ असेल तर पहिले चार-पाच फेरे लोण्यासारखे जातात. तिरका असेल तर पाइपच प्लगवर घसरतो. पोलादी पान्याला जे कळत नाही, ते आठ-दहा रुपयांच्या रबराला कळतं. हाताने वॉशर टेकेपर्यंत फिरवायचं, मग पान्याने साधारण अर्धा फेरा. जुनाच प्लग परत बसवत असाल तर त्याहूनही कमी.

नवे प्लग घ्याल, तेव्हा दुकानातून हा पाइपही मागून आणा आणि टूल किटमध्ये पान्याच्या शेजारी ठेवा. पाना शेवटच्या अर्ध्या फेऱ्यापुरताच लागतो.